झूकचा अल्बम आणि साठ खुर्च्या

२१ मे २००५, शनिवार. चर्चच्या हॉलचं भाडं एकशे पंचाहत्तर डॉलर. ते मस्यूंनी भरलं. डिपॉझिट शंभर डॉलर. त्याचा चेक माझा. हजर माणसं: आमच्या मराठी मंडळाची एकेचाळीस, खुद्द मस्यू, त्यांची आई, आणि गावात दर गुरुवारी फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचा संगीत समीक्षक. ब्रुकलिनहून एक व्हॅन भरून माणसं यायची होती, ती हजर नव्हती.

मस्यू हे त्यांचं नाव नव्हे. ते माझ्या मुलीला हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकवायचे आणि वर्गातली मुलं त्यांना तशी, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘सर’ अशी, हाक मारायची. मुलीच्या तोंडून ते आमच्या घरात आलं आणि राहिलं. एडिसनमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत ते आमचे भिंतीला भिंत लागलेले शेजारी होते. मूळचे ग्वादेलूपचे. हे कॅरिबियन समुद्रातलं फ्रान्सच्या अखत्यारीतलं बेट आहे. शेजारी राहायला आले तेव्हा मला ते नकाशात शोधावं लागलं होतं.

दोन हिवाळे त्यांनी आपल्या तळघरात एक अल्बम रेकॉर्ड केला. शब्द आणि सूर भिंतीतच अडायचे, आमच्याकडे यायचा तो फक्त ताल. मी रविवारी टॅक्सचे कागद घेऊन बसलो की माझी पेन्सिल आपोआप त्या ठेक्यावर पडायची आणि बेरीज चुकायची. बायकोची मात्र तक्रार नव्हती.

“अहो, त्या ठेक्यावर पोळ्या छान गोल होतात.”

“एरवी होत नाहीत?”

“होतात. पण आता मला कंटाळा येत नाही.”

एप्रिलमध्ये मस्यूंनी तयार सीडी आणून दिली. नऊ गाणी, एकेचाळीस मिनिटं. मुखपृष्ठावर समुद्राकाठच्या बुटक्या भिंतीवर बसलेली एक तरुण बाई: त्यांची आई, पन्नास वर्षांपूर्वीची. मी ती गाडीत लावली आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचल्यावरही चौथं गाणं संपेपर्यंत बसून राहिलो. मला संगीतातलं कळत नाही. पण भिंतीतून दोन वर्षं नुसती हाडं ऐकली होती, त्यांच्यावर आता मांस चढलं होतं. गिटार होती, ट्रंपेट होते, मागे बायकांचा कोरस होता. आणि सगळ्यांच्या खाली बांबूच्या नळकांड्यावर दोन काठ्या वाजत होत्या, थेट आपल्या टिपऱ्यांसारख्या. मस्यू म्हणाले, याला झूक म्हणतात, हे आमच्याकडचं नाचाचं संगीत. त्यांच्या बोलीत हा शब्द आधी पार्टीलाच वापरत असत.

नाचाचं संगीत, हे मी ऐकलं आणि मान डोलावली. आपल्याकडेही नाचाचं संगीत असतं. नाचणारे स्टेजवर असतात आणि आपण खुर्चीवर.

अल्बमबद्दल तोवर दोन ठिकाणी मत आलं होतं. ब्रुकलिनमधल्या एका कॅरिबियन रेडिओ कार्यक्रमाचा निवेदक म्हणाला, आवाज फारच स्वच्छ आहे, जरा घाम यायला हवा होता. आणि मग तेच गाणं त्याने परत लावलं. एका वेबसाइटने दोन ओळी लिहिल्या, की जुन्या वळणाचा झूक आवडणाऱ्यांनी जरूर ऐकावा. मस्यूंनी दोन्हींचे प्रिंटआउट फ्रिजवर लावले होते. पण त्यांना हवी होती ती गावातल्या छापील पेपरातली समीक्षा. टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, दर उन्हाळ्यात पार्कमध्ये गुरुवारच्या संध्याकाळी गाण्याचे कार्यक्रम ठेवते. जुलैमधली एक तारीख रिकामी होती. तिथल्या बाईंनी मस्यूंना सांगितलं होतं, जून संपायच्या आत स्थानिक पेपरातलं एखादं बरं कात्रण आणून द्या, मग मला कमिटीपुढे तुमचं नाव ठेवता येईल. त्यांची आई त्या वर्षी तीन महिन्यांसाठी आली होती आणि जुलैअखेरीस परत जाणार होती. गुडघे दुखायचे, पुन्हा एवढा प्रवास होईल असं त्यांना वाटत नव्हतं. आईने एकदा तरी मला उघड्यावर, लोकांपुढे वाजवताना बघावं, एवढंच मस्यूंचं म्हणणं होतं.

म्हणून हा प्रकाशनाचा कार्यक्रम. समीक्षक येणार, तेव्हा हॉल भरलेला दिसायला हवा. मी मंडळाचा खजिनदार. गणपती, संक्रांत, दिवाळी याच हॉलमध्ये करतो. मस्यूंना म्हटलं, माणसांची काळजी करू नका.

आमचे स्वयंसेवक सवयीप्रमाणे तासभर आधी पोचले. बघतात तर हॉल रिकामा आणि साठ खुर्च्या भिंतीला रचून ठेवलेल्या. बिचाऱ्यांची तयारी अर्धीच राहिली, असं सगळ्यांचं एकमत झालं. अर्ध्या तासात खुर्च्या लागल्या: सहा रांगा, मधे जायला वाट, पहिल्या रांगेवर ‘राखीव’ लिहिलेले कागद. चपलाबूट दाराबाहेर. मस्यू गाडीतून स्पीकर घेऊन आत आले आणि दारातच उभे राहिले.

“हे तुम्ही केलंत?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“थँक्यू कशाला,” मी म्हणालो. त्यांनी थँक्यू म्हटलं नव्हतं, हे माझ्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

खुर्च्या त्यांनी मुद्दाम काढल्या होत्या. पण पाहुण्यांची हीच पद्धत असेल, असं समजून ते गप्प बसले. त्यांच्या आईंना आम्ही पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, हातात गुलाब दिला. तेवढ्यात फोन आला की व्हॅन टर्नपाइकवर, भर हायवेत, बंद पडली आहे. त्या व्हॅनमध्ये नुसते मित्र नव्हते, वाजवणारेही होते. मस्यूंनी सीडी लावली आणि तिच्याबरोबर एकटेच गिटार वाजवत गायले.

आम्ही फार मनापासून ऐकलं, हे मला सांगितलंच पाहिजे. कोणी कुजबुजलं नाही, लहान मुलांना घरीच ठेवलं होतं. आमच्या मंडळातले काका पहिल्या रांगेत होते. शास्त्रीय संगीताचे जाणकार, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यात वाईट गाण्याला कधी मान न डोलावलेले. ते डोळे मिटून मांडीवर ताल धरून होते. यापेक्षा मोठी पावती आमच्या मंडळात नाही. तिसऱ्या गाण्यात मस्यूंनी दोन्ही हात वर करून आम्हाला उठा, उठा अशी खूण केली. आम्हीही सगळ्यांनी हात वर करून हलवले आणि बसून राहिलो. शेवटी टाळ्या बराच वेळ चालल्या. समीक्षक मागे भिंतीला टेकून वहीत लिहीत होता. तो निघून गेल्यावर, आम्ही खुर्च्या परत रचत असताना, ब्रुकलिनची मंडळी पोचली. हॉल रिकामा करायची वेळ झाली होती. जमिनीवर एक ओरखडा नव्हता, आणि डिपॉझिट मला जागच्या जागी पूर्ण परत मिळालं. चर्चचा माणूस म्हणाला, तुमच्याइतके चांगले लोक नाहीत. मी खूश होऊन घरी आलो.

गुरुवारी मुलगी शाळेतून आली ती पेपर टेबलावर टाकूनच.

“बाबा, सीरियसली? यू गाइज किल्ड हिम.”

“काय झालं?”

“वाच ना.”

समीक्षकाने गाणी वाईट आहेत असं लिहिलं नव्हतं. त्याने एवढंच लिहिलं होतं की हे नाचाचं संगीत आहे, हॉलमध्ये पन्नास लोक होते, आणि अख्ख्या संध्याकाळी त्यांतला एकही खुर्चीवरून उठला नाही. यापुढे नाचाच्या संगीताबद्दल आणखी काय बोलायचं, असा त्याचा सूर होता.

“पण मस्यू काही म्हणाले का?” बायकोने विचारलं.

“नो. ही वॉज सुपर नाइस. आज क्लासमध्ये पिक्चर दाखवला आणि मागे बसून राहिले.”

मी पेपरला फोन लावला. समीक्षकच मिळाला. मी त्याला सांगितलं, पन्नास हा आकडा चूक आहे, आम्ही एकेचाळीस होतो. तो म्हणाला, “बरं. मग त्या एकेचाळीसपैकी कोणी उठलं होतं का?”

“नाही.”

“मग दुरुस्ती छापू? पन्नास नव्हे, एकेचाळीस लोक उठले नाहीत?”

बायको समोर उभी राहून कपाळाला हात लावत होती. मग मी त्याला नीट सांगितलं. आमच्यात गाणाऱ्यासमोर बसायचं असतं. मधे उठून जाणं म्हणजे अपमान. कोणी हललं नाही, कारण सगळ्यांना आवडलं होतं. खुर्च्या आम्ही मांडल्या होत्या, त्यांनी नाही, आणि नाचणारी ब्रुकलिनची मंडळी वाटेतच अडकली होती. तो हसायला लागला, अगदी मोकळं. म्हणाला, “मला पुन्हा यायला आवडेल. पण ब्रुकलिनची पब्लिक नको, ती नाचणारच. तुमचीच माणसं हवीत. आणि त्यांना नाचा म्हणून सांगितलेलं मला कळलं, तर मी तेच छापीन.”

मी शब्द दिला. बायको म्हणाली, “शब्द कशाला दिलात? मी सगळ्यांना एक-एक फोन केला असता.”

“म्हणूनच दिला.”

“अहो, पण न सांगता आपली माणसं नाचतील? लग्नात मुलाचा बाप नाचत नाही आपल्याकडे.”

 मी तसाच शेजारी मस्यूंना विचारायला गेलो. ते दारातच म्हणाले, “आणि पुन्हा सगळे बसलेच तर?”

“तर आत्ता आहोत तिथेच राहू.”

“नाही. मग ते दुसऱ्यांदा छापून येईल.” ते आत गेले, आईशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. आतून त्यांच्या आईंचं हसणं ऐकू आलं. मग बाहेर येऊन म्हणाले, “आई म्हणते, तिला परत गुलाब मिळणार असेल तर ठेवा.”

१८ जूनचा शनिवार ठरला. तेच भाडं, तेच डिपॉझिट, पुन्हा माझा चेक. मी एकच गोष्ट केली, आणि तीही समीक्षकाला सांगून: साठच्या साठ खुर्च्या मागच्या खोलीत ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली चर्चच्या माणसाकडे दिली. खुर्ची नसेल तर माणूस उभा राहील आणि उभा असेल तर हलेल, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब पाच मिनिटं टिकला. काका आले, हॉलभर नजर फिरवली.

“खजिनदार, खुर्च्या कुठे आहेत रे?”

“आज नाहीत काका.”

“भाड्यात बसल्या नाहीत का?”

“तसं नाही, पण आज नाहीत.”

“मग जाजम तरी आणायचं,” असं म्हणून ते भिंतीपासून चार पावलं पुढे आले आणि सरळ मांडी घालून खाली बसले. त्यांच्या शेजारी आणखी दोघं बसले. त्यांच्यामागे बायका पदर सावरत बसल्या. बघता बघता एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसं जमिनीवर, ओळीत, मधे जायला वाट सोडून बसली. वाट सोडा असं कोणीही सांगितलं नव्हतं.

समीक्षक भिंतीला टेकलेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडली.  मुलगी माझ्या कानात म्हणाली, “बाबा, आय कान्ट वॉच.” मी तिला काही बोलू दिलं नाही. शब्द दिला होता.

या वेळी वाजवणारे चौघे वेळेवर आले होते. मस्यूंनी गिटार गळ्यात घातली, समोरच्या बसलेल्या ओळींकडे पाहिलं आणि एक क्षण डोळे मिटले. बांबूवर काठ्या सुरू झाल्या. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि त्यांची आई दारातून आत आली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझ्या बायकोने दिलेला गुलाब.

त्यांनी खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. जमिनीवर बसणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. त्या काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, काठीवर भार देऊन, अगदी शांतपणे.

काकांनी वर पाहिलं. वयाने आपल्यापेक्षा मोठी बाई उभी आणि आपण बसलेले. ते ताबडतोब उठायला लागले. उठताना म्हणाले, “अरे, खुर्ची आणा कोणीतरी यांना!” मी किल्लीसाठी धावलो. चर्चचा माणूस जेवायला गेला होता, किल्ली त्याच्या खिशात. मी परत आलो तर काका उभे होते. काका उभे म्हणजे त्यांच्याशेजारचे दोघं उभे. ते उभे म्हणजे मागच्या बायका कशा बसतील? पुढचा अंतरा येईपर्यंत सगळा हॉल उभा होता, एका म्हातारीला बसायला जागा नाही म्हणून, आणि तिच्याआधी कोणी बसणार नव्हतं.

मस्यूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की अख्खा हॉल एकदम उभा राहिला. त्यांचा आवाज असा मोकळा लागला की तसा तो सीडीवरही कधी ऐकला नव्हता.

त्यांच्या आईंनी इकडे तिकडे पाहिलं. आपण उभ्या आहोत म्हणून हे सगळे उभे आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या हसल्या. काठी काकांच्या हातात दिली, काकांनी ती घेतली. मग त्यांनी माझ्या बायकोचे दोन्ही हात धरले आणि जागच्या जागी डोलायला लागल्या, फार थोडं, कंबरेतून. बायकोने हात धरलेले पाहिले आणि तिच्या पायांना जे माहीत होतं ते पायांनी केलं. फुगडी नव्हे, गुडघ्यांची काळजी होती. पण फुगडीची सुरुवात असते ना, पाय जुळवून हलके झोके, ती. बघणाऱ्या बायकांना तेवढं पुरलं. मागे दोघींनी हात गुंफून खरीखुरी फुगडी धरली. मग आणखी दोघींनी. कोणीतरी “पिंगा” म्हणून ओरडलं आणि पदर खोचले गेले. बांबूच्या काठ्यांना टिपऱ्या समजून पाचसहा जणींनी गोल केला. मग पुरुष सुटले. मिरवणुकीत नाचतात तसे, कोपर वर करून, मान खाली घालून, खिशातला रुमाल दातात धरून. मी त्यात होतो. माझी मुलगी भिंतीला टेकून रडेस्तोवर हसत होती, आणि मग तीही आली.

काका काठी हातात धरून उभेच होते. सातव्या गाण्याला ते माझ्याजवळ आले. “खजिनदार, सम कुठे चुकत नाही रे याची. तबलजी चांगला आहे.”

“काका, तबला नाहीये.”

“असू दे,” ते म्हणाले, आणि त्यांनी ती काठी लेझमीसारखी दोन्ही हातांत आडवी धरली. खाली, वर, डावीकडे, पाऊल पुढे, आणि समेवर काठीचं टोक जमिनीवर. बहुतेक शाळेत शिकलेलं असणार, साठ वर्षांपूर्वी. शेवटी त्यांचा श्वास लागला आणि आम्ही त्यांना धरून भिंतीशी नेलं. तिथे समीक्षक होता. बूट काढलेला, मोजे ओले. त्याला आमच्या बायकांनी पिंग्यात ओढलं होतं, आणि वही कुठे पडली ते त्यालाही माहीत नव्हतं.

वही पुढच्या आठवड्यात चर्चच्या माणसाला सापडली. समीक्षा त्याशिवायच आली. या वेळी त्याने आपल्या आधीच्या लेखाबद्दलही लिहिलं होतं. ते लोक पहिल्या वेळीही पूर्ण गाण्यात होते, फक्त मला ते बघता आलं नाही. आणि दुसऱ्या वेळी कोणीही त्यांना उठवलं नाही, एका उभ्या आईखेरीज. अल्बमच्या चौथ्या गाण्याबद्दल एक अख्खा परिच्छेद होता. मस्यूंनी ते कात्रण तिसऱ्या दिवशी टाउनशिपच्या बाईंना नेऊन दिलं. जुलैमधल्या त्या गुरुवारी ते पार्कमध्ये वाजवत होते. गवतावर आमच्यातल्या प्रत्येकाने घरून फोल्डिंग खुर्ची आणली होती. सवय जात नाही. पण त्यांतली एकच वापरात होती, स्टेजच्या अगदी समोर, आणि तिच्यावर बसलेल्या बाईंच्या मांडीवर एक गुलाब होता.

डिपॉझिटचं राहिलं. १८ जूनच्या कार्यक्रमानंतर चर्चच्या माणसाने मला हॉलमध्ये बोलावून जमीन दाखवली. मधोमध एक मोठं वर्तुळ पार पांढरं पडलं होतं, शिवाय काकांनी काठी आपटली तिथे तीन खड्डे. तो म्हणाला, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” मस्यू पैसे द्यायला धावत आले. मंडळाच्या बैठकीत मी विषय मांडला, तर काका म्हणाले, “नाचलो आपण, आणि पॉलिश त्यांनी का करायचं?” खर्च मंडळाचा, असा ठराव एकमताने झाला. शंभरापैकी पंचाऐंशी डॉलर जमिनीला पॉलिश करणाऱ्या माणसाला दिले, पंधरा डॉलर परत आले. मंडळाच्या व्हाउचरवर कारणाच्या रकान्यात मी ‘नाच’ असं लिहिलं, आणि अध्यक्षांनी काही न विचारता सही केली.